अक्का, तुमचा प्रश्न व्यपगत झालेला नाही

अक्का, परवाच्या शोकसभेत तुम्हाला 'मनमिळाऊ' म्हणाले. एक नव्हे, तीन वक्ते. चौथ्याने 'सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या आमदार' म्हटलं, तेव्हा शेजारी बसलेले तुमचे ड्रायव्हर इब्राहिमभाई माझ्या कानाशी वाकले. "सर, अपन गलत मीटिंग में तो नै बैठे ना?" मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू आलं. चष्मा पुसायच्या निमित्ताने मान खाली घातली ती सभा संपेपर्यंत वर केली नाही.

सगळ्यात लांब भाषण कुणाचं झालं, ठाऊक आहे? जे साहेब पूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या कार्यालयात बसायचे, त्यांचं. अपंगांच्या योजना बघणारं कार्यालय आणि इमारतीला लिफ्ट नाही. भर बैठकीत तुम्ही त्यांना विचारलं होतं, "साहेब, जिना चढून वर येतो तोच अपंग, असा काही जीआर हाय का तुमच्याकडं?" परवा ते म्हणाले की अक्कांचं आम्हाला सतत मार्गदर्शन लाभलं.

माणूस गेल्यावर त्याला गोड करून टाकायची ही घाई मला सोसत नाही. तुम्ही गोड नव्हता. तुम्ही चिडायचा, टोमणे मारायचा, फोन ठेवताना 'ठेवते' असंसुद्धा म्हणायचा नाही. आणि तुम्ही प्रश्न विचारायचा. सभेत उठून हे सांगायला हवं होतं. पण मी बोलणारा माणूस नाही. तुम्ही बोलायचं आणि मी लिहायचं, असंच आपलं चालत आलं. म्हणून हे लिहितो आहे.

तुम्ही गेल्यानंतर सहाव्या दिवशी मी विधिमंडळाच्या कार्यालयात फोन केला. येत्या अधिवेशनासाठी तुम्ही दिलेल्या तारांकित प्रश्नाचं काय झालं, एवढंच विचारायचं होतं. पलीकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, "सर, सदस्यांचं निधन झालं की त्यांच्या नावावरचे प्रश्न व्यपगत होतात." मी तो शब्द पुन्हा उच्चारून बघितला. त्याला वाटलं शब्द कळला नाही. "म्हणजे संपतात, सर. नियमच आहे."

शब्द कळला होता. सारा जन्म पुस्तकांच्या कपाटांमध्ये गेलेल्या माणसाला तो कळतो. फोन ठेवला आणि पहिल्यांदाच, तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच, मला दुःखाऐवजी राग आला. माणूस गेलं हे कबूल करण्यावाचून इलाज नव्हता. प्रश्न गेला हे मी कबूल करणार नाही.

आपली ओळख प्रश्नांतूनच झाली. निवडून आल्यावर महिन्याभरात तुम्ही आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात आलात. पायात साध्या चपला, हातात कापडी पिशवी. "हितं विधानसभेच्या नियमांचं पुस्तक मिळंल का? समजावून सांगणारं माणूस मिळालं तर लईच बरं." मी पुस्तक काढून दिलं. तुम्ही उभ्याउभ्या दोन पानं वाचलीत आणि विचारलंत, "ही मराठी कुणाच्या घरात बोलत्यात हो?"

मग टेबलाच्या बाजूने येताना माझ्या पायातलं कॅलिपर तुमच्या लक्षात आलं. लोक अशा वेळी नजर दुसरीकडे नेतात. तुम्ही सरळ बघितलंत.

"पोलिओ?"

"हो."

"सर्टिफिकेट?"

"आहे. तीनदा काढलंय."

"तीनदा? का, पाय बदलला व्हय?"

मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो, अक्का. पहिल्या कागदाची मुदत संपली, दुसरा हाताने लिहिलेला होता म्हणून चालेना, तिसऱ्यासाठी ऑनलाइन अर्ज करून पुन्हा त्याच रांगेत उभं राहावं लागलं. हे सगळं पावसापाण्यासारखं असतं, असं मी धरून चाललो होतो. त्यावर कुणाला प्रश्न विचारता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तरी संध्याकाळी तुम्हाला फोनवर 'अक्का' म्हणालो. तुमच्या तेलुगू घरात मोठ्या बहिणीला म्हणतात तेच. तुम्ही मला कधीच नावाने हाक मारली नाहीत. 'ओ लायब्ररी!' भर बाजारातसुद्धा.

पण आपलं खरं नातं जमलं ते माझ्या एका चुकीमुळे.

जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात अपंगत्व तपासायची सोय झाल्याचा फलक लागला होता. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की तो त्या एका गावचा प्रश्न होऊन बसेल. कानाची तपासणी करायचं यंत्र आलं, खोली रंगवली, पण तपासणारा डॉक्टर कधी आलाच नाही. लोक पूर्वीसारखेच एसटीने सोलापूरला येत राहिले. तुम्ही मला सांगितलंत, "लिवा, बोर्ड लावलाय पर डॉक्टर येत न्हाय." मी ते वाक्य सुधारलं. 'सदर रुग्णालयात दिव्यांग तपासणीची सुविधा उपलब्ध नाही, हे खरे आहे काय?' किती नेटकं वाटलं होतं मला! सरकारचं उत्तर तीन ओळींचं आलं. हे खरे नाही. सुविधा उपलब्ध आहे. पुढील प्रश्न उद्भवत नाही.

त्यात खोटं काहीच नव्हतं. खोली होती, यंत्र होतं. माझ्या 'उपलब्ध' या शब्दाने त्यांना दार उघडून दिलं आणि ते त्यातून आरामात निघून गेले.

तुम्ही ते उत्तर माझ्या टेबलावर ठेवलंत. वाचनकक्षात मुलं बसली होती, तरी आवाज खाली आला नाही. "तुमचं पुस्तक उपलब्धच असतंय की, लायब्ररी. कपाटाला कुलूप असलं तरी!"

मला ते लागलं. मी म्हणालो, नियमांत बसेल असंच लिहावं लागतं. तुम्ही म्हणालात, "माझी आई विड्या वळायची. पान मापात बसवायला पत्रा ठेवून कात्रीनं कापायचं, उरलेलं खाली पडतंय. तुमी तसंच केलंय. मापाचं तेवढं ठेवलंय आणि माणूस कापून खाली टाकलंय." एवढं बोलून निघून गेलात. पाच आठवडे आपण बोललो नाही.

सहाव्या आठवड्यात इब्राहिमभाई गाडी घेऊन दारात आले. "अक्का बुला रे. भाँडन चालूच है, पन बुला रे." गाडीत तुम्ही पुढे, मी मागे. त्या रुग्णालयात गेल्यावर तुम्ही ती रंगवलेली खोली उघडायला लावलीत. यंत्र खोक्यात होतं, त्यावरचं प्लॅस्टिकही निघालं नव्हतं. तुम्ही पदर खोचलात आणि त्या खोक्यावर बसलात.

"हे उपलब्ध हाय न्हवं?" तुम्ही तिथल्या अधिकाऱ्यांना विचारलंत.

"मॅडम, त्यावर बसू नका, महाग आहे ते."

"मग वापरायचं काढा. डॉक्टर उपलब्ध होईस्तोवर मी बी हितंच उपलब्ध हाय."

तुम्ही दुपारी चारपर्यंत बसलात. जेवण तिथेच, कडक भाकरी आणि चटणी, अर्धी भाकरी मोडून न बोलता माझ्या हातात. माफी मागायची तुमची पद्धत ती होती. माझी मला सापडायची होती. त्यानंतर डॉक्टर काही महिने आला. मग त्याची बदली झाली आणि खोलीला पुन्हा कुलूप लागलं.

तेव्हापासून तुम्ही बाक सुरू केलात. सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात अपंगत्व तपासणीचा दिवस बुधवार. तिथल्या अर्जांच्या खिडकीबाहेर भिंतीला लागून एक सिमेंटचा लांब बाक आहे. विधानसभेत जायच्या आधी प्रत्येक प्रश्न त्या बाकावरच्या लोकांना वाचून दाखवायचा, ही तुमची अट. कुणी "असं न्हाय बाई" म्हणालं की बदलायचा. आमदार बाकाच्या कडेला बसून कागद वाचते आहे आणि कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, आयांच्या मांडीवरची मोठमोठी लेकरं भोवती जमून तिच्या चुका काढताहेत, हे दृश्य बघायला पलीकडच्या खिडकीतले कारकूनही मान बाहेर काढायचे. मंद्रूपच्या एका अंध गृहस्थांनी एकदा सगळा प्रश्न ऐकून घेतला आणि म्हणाले, "अक्का, ह्यात शिव्या कुटं हायत?" तुम्ही म्हणालात, "मंत्र्याला वाचताना ऐकू येत्यात त्या."

मी त्या बाकाशी उभा राहायचो, वही घेऊन. एकदाही वाचलं नाही. माझा आवाज पुस्तकाच्या पानापलीकडे जात नाही, असं तुम्ही म्हणायचा. खरं होतं ते.

सुभद्राबाई आपल्याला त्याच बाकावर भेटल्या. त्या कुलूप लागलेल्या खोलीच्याच तालुक्यातल्या. त्यांची मंगल सव्वीस वर्षांची आहे. जन्मापासून तिला चालता येत नाही, मान सावरत नाही, बोलणं फक्त आईला कळतं. जुन्या कागदाच्या जागी नवं कार्ड हवं होतं, नाहीतर मंगलची पेन्शन बंद. पहाटे निघून त्या दुपारी एकला पोचल्या तेव्हा डॉक्टर उठून गेले होते. पुढच्या बुधवारी या. पुढच्या बुधवारी यंत्रणा बंद होती. तिसऱ्या बुधवारी एक कागद कमी होता. तिन्ही वेळा मंगलला पाठीवर चादरीने बांधून.

मंगलच्या गालावर लाळ आली होती, ती तुम्ही पदराने पुसलीत. तिने तुमचं बोट धरलं ते सोडेना. तुम्ही तशाच, एक हात तिच्या हातात अडकलेला, दुसऱ्या हाताने मला खूण करून म्हणालात, "लिवा."

आणि मी पुन्हा तेच केलं, अक्का.

शेवटच्या प्रश्नात मी तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस तपासणी करण्याविषयी लिहिलं. मुद्देसूद लिहिलं. 'उपलब्ध' हा शब्द कटाक्षाने टाळला. पण मंगलला तीनदा पाठीवर बांधून आणल्याचं सुभद्राबाईंचं वाक्य काढलं. मला वाटलं, एका घरची हकीकत म्हणून सगळाच प्रश्न नाकारतील. वेळ कमी होता, तुम्हाला बरं नव्हतं, त्यामुळे बाकावर वाचन झालं नाही. तुम्ही अंथरुणावर बसून सही केलीत. "सही करते. पर मनातून न्हाय."

चार दिवसांनी संध्याकाळी तुमचा फोन आला. आवाज खोल गेला होता, पण भांडण शाबूत होतं.

"लायब्ररी, तो प्रश्न मागं घ्या. परत लिवा. सुभद्राचं वाक्य कुटंय?"

"अक्का, नियमात…"

"नियमात नाव बसत न्हाय, मला म्हाईत हाय. नाव नका लिवू. पाठ लिवा. तिची पाठ लिवा."

"विचार करतो."

"विचार नका करू, उद्या या. भांडू."

आणि फोन बंद. 'ठेवते' नाही, काही नाही. सकाळी इब्राहिमभाईंचा फोन आला.

आपलं ते भांडण राहिलं. मी त्यात हरणार होतो आणि मला हरायला आवडलं असतं.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही, ती आता सांगतो. ग्रंथालयात संगणक आले तेव्हा कार्डांचे लाकडी खण मोडीत निघाले. त्यातला एक मी घरी आणला. तुमच्या प्रश्नांतून मी जे जे कापलं, ते त्याच दिवशी जुन्या कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून त्या खणात ठेवत आलो. 'बोर्ड लावलाय पर डॉक्टर येत न्हाय.' 'का, पाय बदलला व्हय?' 'नाव दिव्यांग केलंत, जिना तोच ठेवलात.' सगळं आहे, विषयवार लावलेलं. तुम्ही म्हणालात मी खाली टाकलं. खाली काही पडलेलं नाही. मी ते तुमच्यापुढे का ठेवलं नाही? लाज वाटली. ती वाक्यं माझ्या वाक्यांपेक्षा चांगली होती, हे मला कापतानाच कळत होतं.

फोनवरचा तो सभ्य माणूस 'व्यपगत' म्हणाला त्या दिवशी मी खण उघडला. रागातच एक गोष्ट लक्षात आली. जो प्रश्न संपला तो माझा कापलेला प्रश्न होता. तुमचा अजून गेलेलाच नव्हता.

मी नव्याने लिहिला. 'तपासणीसाठी एका आईस आपल्या सव्वीस वर्षांच्या मुलीला पाठीवर बांधून तीन वेळा सोलापूरला यावे लागले व तिन्ही वेळा तपासणी न होता परत जावे लागले, हे खरे आहे काय? असल्यास, चौथ्या वेळी त्या मुलीने कोणाच्या पाठीवरून यावे, अशी शासनाची अपेक्षा आहे?' दुसरं वाक्य तुमचं नाही. ते माझं आहे. तुमच्या शेजारी पंधरा वर्षं उभा राहिलो, थोडं लागलं असेल.

मग बुधवारी बाकावर गेलो. इब्राहिमभाईंनी सोडलं. कागद काढला आणि वाचायला लागलो, तर मागून एक बाई ओरडल्या, "मोठ्यानं वाचा की! अक्का काय असं वाचत होत्या का?" मी मोठ्याने वाचलं. आवाज फाटला, तरी वाचलं. सुभद्राबाई त्या दिवशी चौथ्यांदा आल्या होत्या. मंगल भिंतीला टेकून बाकावर. त्यांनी पूर्ण ऐकलं.

"सर, 'परत जावे लागले' लिवलंय तुमी. परत जातानाबी ती पाठीवरच असती की. येतानाच न्हाय."

मी तिथेच उभ्याने कागदावर घातलं, 'जाता-येता'. आयुष्यात इतकी अचूक दुरुस्ती कुणी मला सुचवली नव्हती.

पण सही कुणाची? सही आमदाराचीच लागते. मी जिल्ह्यातल्या त्या तरुण आमदारांकडे गेलो, ज्यांना तुम्ही 'फ्लेक्सवरचा बाळ' म्हणायचा. दुसऱ्या पक्षाचे. तुमच्यावर त्यांनी काय काय टीका केली, ते मला पाठ आहे. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"अक्कांचा प्रश्न मी मांडायचा? लोक काय म्हणतील?"

दाराशी उभे असलेले इब्राहिमभाई म्हणाले, "लोगाँ बोलेंगे साब में दम है. अबी तक कोई बोल्या नै, अब बोलेंगे."

ते हसले. पेन काढलं. मग थांबले. "सर, हे पाठीचं जरा सौम्य करता येईल का? म्हणजे, 'गैरसोय होते' असं काही. तुम्हाला तर जमतं ते. पटकन सही होऊन जाईल."

अक्का, हा माझा व्यवसाय होता. 'गैरसोय' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता, कात्री हातात होती. सही समोर होती, आणि सहीवाचून प्रश्न जाणार नव्हता. बाहेरच्या चौकात कुठेतरी यंत्रमागांची धडधड चालू होती, नेहमीसारखी.

मी म्हणालो, "नाही."

"एवढंच बदला हो."

"नाही. हे त्या बाईने दुरुस्त केलेलं आहे. मला बदलता येणार नाही. तुम्हाला सही करायची नसेल तर मी दुसऱ्यांकडे जातो. आपल्या जिल्ह्यात आमदार आणखी आहेत."

माझा आवाज पानापलीकडे गेला असावा, कारण बाहेर बसलेल्या लोकांनी आत वळून बघितलं. आमदारांनी मला न्याहाळलं. मग कॅलिपरकडे बघितलं. नजर दुसरीकडे नेली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

"अक्कांकडून शिकलात का हे?"

"होय," मी म्हणालो.

त्यांनी सही केली.

उत्तर काय येईल, मला माहीत नाही. 'अंशतः खरे आहे' असं येईल कदाचित. कदाचित पुन्हा 'उद्भवत नाही' येईल. येऊ दे. त्या उत्तरावर पुढचा प्रश्न लिहायला घेईन आणि तोही बाकावर वाचीन. मंगलची तपासणी त्या बुधवारीही झाली नाही. सुभद्राबाई पाचव्यांदा येणार आहेत, आणि आता त्या एकट्या येणार नाहीत. इब्राहिमभाई त्यांच्या गावी जाऊन त्यांना घेऊन येणार आहेत. "अक्का की गाड़ी है," म्हणाले, "बैठने का हक उन का पैला."

पुढच्या शोकसभेत कुणी तुम्हाला मनमिळाऊ म्हणालं तर मी उठणार आहे. काय बोलायचं ते अजून ठरवलेलं नाही. खण उघडून एखादं कार्ड वाचून दाखवलं तरी पुरे.

तुम्ही असता, तर कागद हातात घ्यायच्या आधीच विचारलं असतं, "काय हो लायब्ररी, किती कापलं?"

काही नाही, अक्का. या वेळी अख्खं आहे.